मी बुजवलेला ओरखडा

जळगावात माझा फोटो स्टुडिओ होता त्या दिवसांत लोक माझ्याकडे फोटो काढून घ्यायला कमी आणि तोंड दुरुस्त करून घ्यायला जास्त येत. पूर्वी हे मी बढाई म्हणून सांगत असे. देवीच्या रोगाने घरोघरी चेहऱ्यांवर खड्डे ठेवले होते आणि मुलीचा फोटो आधी मुलाकडे पाठवायची टूम व्यापारी घरांतून नुकतीच निघाली होती. मुलगी यावलची असो की धुळ्याची, बाप तिला घेऊन माझ्याकडे यायचा, तिला बाकावर बसवायचा आणि मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणायचा, "तेवढं बघा." तेवढं म्हणजे काय, ते मला कळत असे.

काम असं चालायचं. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरे आणि काच औषधात धुतली की दिसू लागे. ती वाळली की उतरत्या डेस्कवर ठेवायची. डेस्काला मधोमध चौकोनी भोक, त्याखाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून काचेतून वर येतो. डोळ्याला भिंग लावायचं आणि लांब टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने काम सुरू करायचं. काचेवर सगळं उलटं असतं. गालावरच्या खड्ड्याची सावली तिथे उजळ दिसते. ती बारीक टिंबं देत भरून काढली की कागदावर गाल गुळगुळीत. याला आम्ही टचिंग म्हणत असू. माझा हात फिरला की काच कशीही वाकडी करून पाहा, पेन्सिल कुठे लागली ते दुसऱ्या फोटोग्राफरलाही सापडत नसे. काचेवर ओरखडा पडला तर तोही तसाच बुजवायचा. माझे वस्ताद या बाबतीत फार कडक होते. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा डाग राहिला तर ते एक वेळ गप्प बसत, पण धुताना आपल्याच नखाने काच ओरबाडली गेली तर चारचौघांत कान पिळत. ती धास्ती माझ्या हाडामासात बसली होती.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली असतील. एका दुपारी गावातले एक डॉक्टर स्टुडिओत आले. फोटोसाठी आले असतील म्हणून मी खुर्ची पुसली. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "माझ्याकडे एक्स-रेचं यंत्र आलंय. मला शरीर समजतं, काच धुता येत नाही. चार काचा धुतल्या, चारही काळ्याकुट्ट झाल्या. तुम्ही येता का?"

हे यंत्र गावाबाहेर एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात बसवलं होतं, कारण गावात तेव्हा वीज नव्हती. फॅक्टरीच्या मारवाडी शेठजींनी गोदामाशेजारची एक खोली देऊन टाकली होती. कापसातली सरकी वेगळी करणारी यंत्रं ज्या ऑइल इंजिनावर फिरत, त्याच्याच पट्ट्यावरून डायनामो चालवायचं काम तिथल्या मिस्त्रींनी अंगावर घेतलं होतं. मिस्त्री चार बुकं शिकलेले नव्हते, पण इंजिनाच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगत. डॉक्टर त्यांना म्हणायचे, "मिस्त्री, तुम्ही माझ्यापेक्षा बरे डॉक्टर आहात." मिस्त्री खूश होऊन तेलकट हाताने सलाम ठोकायचे.

असे आम्ही तिघे. वीज मिस्त्रींना कळे, माणूस डॉक्टरांना कळे, काच मला कळे. एकाच्या कामातलं दुसऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीला पट्टा घसरायचा, किरण कमीजास्त व्हायचे आणि काचेवर हाडांऐवजी धुकं यायचं. मी म्हणायचो रुग्ण हलला, डॉक्टर म्हणायचे तुमचं औषध शिळं, मिस्त्री म्हणायचे दोघांचंही डोकं फिरलंय. महिनाभर अशी जुंपली. मग मिस्त्रींनी एक जड चाक मध्ये बसवून इंजिनाची चाल एकसारखी केली, मी धुण्याच्या औषधाचं प्रमाण उन्हाळ्याप्रमाणे बदललं, आणि एका सकाळी एका हमालाच्या पायाच्या मोडलेल्या नळीचा फोटो असा स्वच्छ आला की डॉक्टरांनी आम्हाला दोघांना मिठी मारली. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. मुलींचे गाल भरून काढण्यापेक्षा आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं मला वाटू लागलं होतं.

डॉक्टर कसे होते ते एका गोष्टीवरून सांगतो. हेच किरण चिघळलेल्या कातडीवर सोडले तर काही जखमा भरतात असं त्यांनी वाचलं होतं. पण किती वेळ सोडायचे? आमच्याकडे मोजायला साधन नव्हतं. फोटोग्राफर असल्यामुळे घड्याळाशिवाय सेकंद मोजायची मला सवय, म्हणून मोजायला मी. रुग्णाच्या आधी डॉक्टरांनी बाही सरसावून स्वतःचा हात यंत्राखाली धरला. आठवडाभर रोज ते आम्हाला हात दाखवत आणि कातडी किती लाल झाली ते वहीत लिहीत. तिसऱ्या खेपेला फोड आला. "आता कळलं कुठे थांबायचं ते," असं म्हणून त्यांनी वहीतल्या त्या नोंदीखाली रेघ ओढली आणि पट्टी बांधली. चुकलं तर आधी आपल्या अंगावर चुकावं, अशी त्यांची रीत होती. आणि माझी रीत काय होती, ते आता सांगायचं आहे.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काचेवर हात चालवायचा नाही. जे आलं ते आलं." मी मान डोलावली. मला वाटलं, मी हाडांना रंगरंगोटी करीन अशी यांना भीती आहे. हाडांना मी कधी पेन्सिल लावली नाही, हे शपथेवर सांगतो.

भडगावच्या बाजूच्या एका खेड्यातून ती बाई आली. पंचविशीतली असेल. गिरणेकाठचं गाव. कजगावपर्यंत बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने नवऱ्याबरोबर आली होती. ती गोधड्या शिवायची. गावातल्या बऱ्याच घरांच्या गोधड्या तिच्या हातच्या असत असं नवऱ्याने सांगितलं, आणि सांगताना त्याला तिचा अभिमान वाटत होता, तेही मला आठवतं. जाड थरातून सुई तळहाताने रेटताना ती आत घुसली आणि मोडली. उजवा तळहात सुजून चकचकीत झाला होता. तिला विचारायचं होतं ते एवढंच, की हात पुन्हा चालेल ना.

डॉक्टरांनी विचारलं, "सुईचे किती तुकडे झाले?"

"माले काय माहित? कट्ट करीसन वाजनं. सुईनं नाकं गोधडीमा ऱ्हायनं व्हई."

फोटोसाठी बांगड्या काढायला सांगितल्या तर ती हटून बसली. "बांगड्या मी काढाव नही, डाक्टर भाऊ. मना मानूस आठे बठेल शे." नवरा समोर जिवंत असताना हात मोकळा करायचा नाही, इथे डॉक्टरांचंही चालेना. शेवटी तिने बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि वर चिंधी बांधली. काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवर तिने पंजा ठेवला. इंजिनाचा आवाज वाढला तसे तिने डोळे मिटले. त्या काळी आम्ही एकाच बाजूने फोटो घेत असू, तसा एकच घेतला.

काच मी धुतली. अंगठ्याच्या मुळाशी सुईचा टोकदार तुकडा लख्ख दिसत होता. मी बाहेर ओरडून सांगितलं, "सापडली!" बाहेर आनंद झाला. काच वाऱ्यावर वाळवून मी ती सवयीने, काचा पाहायला तिथेही मांडलेल्या डेस्कवर ठेवली, भिंगातून एकदा पाहावी म्हणून. तेव्हा मनगटाजवळ, काचेच्या कडेपासून थोडी आत, तिळाएवढी एक उजळ रेघ दिसली. धुताना मी काच नेमकी तिथेच धरली होती.

माझ्या मनात क्षणभरही दुसरं काही आलं नाही. नख लागलं, एवढंच आलं. डॉक्टर या काचा धुळ्याला डॉक्टरांच्या एका बैठकीत दाखवायला नेणार होते आणि मला बरोबर चला म्हणाले होते. त्या मोठ्या माणसांपुढे माझ्या नखाचा ओरखडा जाणार! डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बजावलेलं मला आठवलं, नाही असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली, की हात म्हणजे बाईचा, ओरखडा म्हणजे काचेचा. काचेचा दोष काढला तर त्यात कुणाचं काय जातं? पेन्सिल उचलली आणि दहा-बारा टिंबांत रेघ नाहीशी केली. हात चांगला लागला म्हणून मला बरंही वाटलं.

काच खिडकीशी धरून डॉक्टरांनी तिला दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. "हाऊ मना हात शे का? मरेल मानूसना दखास," असं म्हणाली आणि लाजून हसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठ्याजवळचा तुकडा काढला, कापसात ठेवून तिच्या नवऱ्याला दाखवला, पट्टी बांधली आणि पंधरा दिवसांत काम करू लागशील असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

धुळ्याच्या बैठकीत ती काच सगळ्यांच्या हातांतून फिरली. एक वयस्कर सर्जन म्हणाले, "इतकी स्वच्छ प्लेट मुंबईतही पाहायला मिळत नाही." डॉक्टरांनी मला पुढे ओढलं आणि म्हणाले, "यांची करामत." मला डॉक्टरांच्या रांगेत खुर्ची दिली, चहा दिला. मी त्या खुर्चीवर ताठ बसलो होतो. ते आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

तीन आठवड्यांनी ती बाई परत आली. आता मनगट सुजलं होतं, बोटं वाकत नव्हती, अंगात ताप होता. डॉक्टरांनी पुन्हा फोटो घ्यायला सांगितला, या वेळी सरळ आणि आडवा असे दोन. काच औषधात हलवता हलवता लाल दिव्याखाली ती रेघ हळूहळू वर आली. मनगटाजवळ, त्याच जागी. दुसऱ्या काचेवर, हात आडवा असल्यामुळे, ती चांगली लांब दिसत होती. सुईचा मधला तुकडा हातात जवळजवळ उभा रुतून बसला होता, म्हणून पहिल्या वेळी तो तिळाएवढा दिसला होता. माझ्या नखाने काहीच ओरखडलं नव्हतं. जी चूक मी केलीच नव्हती ती लपवायला गेलो आणि तिच्या हातातली सुई लपवून बसलो.

काचा मी बाहेर नेऊन दिल्या. डॉक्टरांनी कपाटातून जुनी काच काढून तिन्ही खिडकीशी लावल्या. ते घाईने निर्णय करणारे नव्हते. पुनःपुन्हा पाहिलं. मग बाईला म्हणाले, "तू घरी जाऊन पुन्हा शिवायला बसलीस का? ही दुसरी सुई आहे."

"नही, डाक्टर भाऊ. मनापाशी एकच सुई व्हती, ती मोडनी. उजवा हातले पट्टी व्हती, मंग सुई धरू कशी?"

"बाई, मी रागावत नाही. पण हे बघ, पहिल्या काचेत इथे काही आहे का? काही नाही. आता आहे. काच कशाला खोटं बोलेल?"

ती काचेकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती. नवऱ्याने खाली मान घातली होती. तो पुटपुटला, "डाक्टर काय खोटं बोलतीन?" ती पुन्हा म्हणाली, "एकच सुई व्हती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्हीच फोटू काढा व्हता ना?"

मी हो म्हणालो. फक्त हो. मी अंधाऱ्या खोलीच्या दारात, हात पुसत उभा होतो. चार वाक्यं बोलायची होती. डॉक्टर तिथेच होते, काच तिथेच होती, सगळं पाच मिनिटांत उघडं झालं असतं. मी बोललो नाही. मी मनात म्हटलं, आधी तिचा हात तर बरा होऊ दे, मग सांगू. हे मी तिच्यासाठी म्हटलं नव्हतं, हे मला त्याच वेळी माहीत होतं.

हात बरा झाला नाही. डॉक्टरांनी तुकडा काढला, पण तोवर पू मनगटातून वर चढला होता. जीव वाचला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र लाकडासारखी ताठ राहिली. सुई सोडाच, भाकरी थापायला पंजा उघडेना. जाताना तिने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि मला डाव्या हाताने रामराम केला. नवरा पुढे निघून गेला होता.

ती गेल्यावर मी ती पहिली काच स्टुडिओत आणली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून मनगटाजवळ फिरवला. टचिंग टर्पेंटाइनने पुसलं जातं. रेघ परत आली. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ तिच्यापुढे बसून राहिलो. तेव्हा तरी ती काच उचलून डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पुरावा हातात होता. त्याऐवजी मी धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं आणि काच त्यात सोडली. जुन्या काचा अशा धुऊन आम्ही फोटो मढवायला वापरत असू. काचेवरचा हात सालीसारखा सुटला आणि पाण्यात विरघळून गेला. राहिलेल्या काचेत मी एका जोडप्याचा फोटो मढवून दिला. डॉक्टरांना सांगितलं, ती काच फुटली. ते म्हणाले, "अरेरे, चांगली होती." इतकंच.

त्यानंतर मी त्यांच्या कामाला चिकटून राहिलो, पूर्वीपेक्षा जास्त. काच धुताना हातमोजे घालू लागलो, स्टुडिओत टचिंगसाठी दुसरा माणूस ठेवला. लोकांना वाटलं, मी विज्ञानाच्या नादी लागलो. मिस्त्रींना एकदा सांगणार होतो. पट्टा घसरू नये म्हणून ते त्याला राळ लावत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, एक सांगायचंय." त्यांनी इंजिन बंद केलं आणि सगळं कसं शांत झालं. मी म्हटलं, "काही नाही, पट्टा बदलायला झालाय." त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं आणि इंजिन पुन्हा चालू केलं.

पुढे डॉक्टर यंत्रासकट धुळ्याला गेले. ती बाई येऊन गेल्याला तेव्हा सात वर्षं होत आली होती. त्यांचं पत्र आलं, येऊन जा, लिखाणात मदत हवी आहे. गेलो तर त्यांचे हात पाहून मी हादरलो. किरणांनी कातडी फाटली होती, नखं काळी पडली होती, एक बोट कापून टाकावं लागलं होतं. लेखणी धरवत नव्हती. आपल्या अनुभवावर ते इतर डॉक्टरांसाठी मराठीत एक पुस्तिका तयार करत होते. मला त्यांनी मजकूर वाचायला दिला. त्यात एक प्रकरण होतं, रुग्णाच्या सांगण्यावर किती विसंबावं. आणि त्यात ती होती. गोधड्या शिवणारी एक शेतकरी स्त्री, जिने दुसरी सुई टोचल्याचं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. निष्कर्ष असा, की माणूस भीतीने किंवा लाजेने लपवतो, प्लेट लपवत नाही.

"बरोबर जमलंय ना?" त्यांनी विचारलं. "त्या काचा तुमच्याच."

मी "जमलंय" म्हटलं. डॉक्टर त्यानंतर दीड वर्षाने वारले. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरायला नको. त्यांच्या त्या हातांकडे बघून कसं सांगू, असं मी स्वतःला म्हणालो होतो. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आता ती बाई छापली जाणार होती, आणि तीही खोटारडी म्हणून. म्हणून धुळ्याहून परतताच मी तिच्या गावी गेलो. डॉक्टरांना सांगण्यापेक्षा तिला सांगणं मला सोपं वाटलं, यातच माझी लायकी आली. कजगावला उतरून भाड्याची बैलगाडी केली. गिरणेला पाणी कमी होतं, गाडी सरळ पात्रातून नेली. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. ती रडेल, मी हात जोडीन, ती माफ करील, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

घर सापडलं. ओट्यावर सासू शेंगा फोडत होती, नवरा दोर वळत होता, ती डाव्या हाताने अंगण झाडत होती. उजवा हात पदराखाली. तिने मला लगेच ओळखलं. "या, भाऊ," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मी नवऱ्याला म्हटलं, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. ती तांब्या घेऊन बाहेर आली तशी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सुई एकच होती. तिचे तीन तुकडे झाले होते. मधला तुकडा पहिल्या फोटोत दिसत होता, तो मला ओरखडा वाटला आणि मी पेन्सिलीने बुजवला. हिने पुन्हा सुई धरली नव्हती. ही खरं बोलत होती.

नवऱ्याने विचारलं, "ती काच कोठे शे?"

"नाही आता ती काच. मी धुऊन टाकली."

सासूने हातातली शेंग सुपात टाकली. ती म्हातारी चांगली तल्लख होती. गावच्या पाटलांच्या मुलीचा लग्नाचा फोटो मीच काढला होता, तो तिने पाहिला होता. ती मला म्हणाली, "तुम्ही ते फोटूमा तोंडवरना देवीना डाग पुसतस, माले माहित शे. आते हिनं खोटं पुसाले उनात का? हिनीच बलायं व्हई तुम्हले."

मी म्हटलं, "नाही हो अक्का, मी आपणहून आलोय."

"वावरमा जाणं नको म्हनीसन सुई टोची लिधी हिनी. बठ्ठं गाव म्हनस. डाक्टरनी बी तेच सांगं."

मी पुन्हा समजावू लागलो, तर माझंच मला ते बनावट वाटू लागलं. नवरा दोराकडे बघत होता. त्याला माझं पटावं असं वाटत होतं की नाही, ते मला कळलं नाही. ती माझ्यासमोर तांब्या धरून उभी होती. रडत नव्हती. तिने मला एकच विचारलं.

"डाक्टरले सांगं का तुम्ही?"

"नाही."

तिने तांब्या ओट्यावर ठेवला. मी हात जोडले, माझं चुकलं म्हणालो. ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. मग मी म्हटलं, गाडी थांबली आहे, कजगावची वेळ गाठायची आहे. हे खरंही होतं. ती माझ्यामागे अंगणाच्या कडेपर्यंत आली. सासू ऐकणार नाही इतक्या हळू बोलली, पण आवाज स्थिर होता.

"सात वरीस मी रोज सांगी राहिनू, भाऊ. तुम्ही एक डाव सांगं, अन् चालनात बी?"

मी थांबलो. मागे ओटा होता, ओट्यावर ती दोघं होती, पुढे सगळं गाव होतं. परत फिरून पुन्हा सांगता आलं असतं. दारोदार सांगता आलं असतं, तिथून धुळ्याला जाऊन सांगता आलं असतं. गाडीवानाने बैल जुंपले होते आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी गाडीत चढून बसलो.